महामारीत समाज जसा वागला, त्यातून तुम्हाला काय दिसलं?

तुम्ही विचारलंय की कोरोनाच्या काळात माणसं जवळ आली की उघडी पडली. मी दोन्ही पाहिलं. पण मनात रुतून बसली आहे ती तिसरीच गोष्ट. जो खरं सांगायला पुढे आला, त्याच्यावरच आपण तुटून पडलो. त्यात मीही होतो, म्हणून आधी स्वतःचंच सांगतो.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. इमारतीतली पहिली केस काकांची. रिपोर्ट हातात पडल्यावर तासाभरात त्यांनी ग्रुपवर सगळं टाकलं: ताप कधी आला, आधीच्या तीन दिवसांत ते कुठे गेले, लिफ्टमध्ये कोण कोण भेटलं. नावं, वेळा, सगळं ओळीने. याद्या करायची त्यांची जुनी खोड. साथ रोखायची तर नेमकी हीच माहिती लागते आणि ती त्यांनी आयती हातात ठेवली होती.

त्यावर आमचं उत्तर काय? "बाहेर पडलातच कशाला?" "लिफ्ट वापरायच्या आधी विचार करायचा होता." मी लिहिलं, "काकांनी गॅलरीचं दार आणि खिडक्या बंद ठेवाव्यात, ही विनंती." शेवटी 'ही विनंती' जोडलं की माणूस काहीही लिहायला मोकळा होतो.

बरं, सल्लाही उलटा. हा विषाणू हवेतून पसरतो आणि बंद खोलीत जास्त पसरतो, हे नीट मान्य व्हायला फार वेळ गेला. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनेच जाहीर केलं होतं की हा आजार हवेतून पसरत नाही. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी मिळून पत्र लिहिलं की हवेकडे लक्ष द्या. तोवर मी घरात येणारं प्रत्येक पाकीट पुसत होतो आणि काकांना खिडक्या लावायला सांगत होतो. काकू त्याच घरात होत्या.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका घरातून रात्री खोकल्याचा आवाज यायला लागला. ग्रुपवर मात्र चिडीचूप. काकांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं ना. पुढे माझा घसा धरला तेव्हा मीही चार दिवस तपासणी टाळली. हवा बदललीय, थंड पाणी बाधलं असेल, अशी स्वतःचीच समजूत घालत राहिलो. त्या चार दिवसांत मी लिफ्टने किती वेळा गेलो, ते मला आठवतं.

नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं की आमची इमारत काही जगावेगळी नव्हती. १९१८ च्या फ्लूला 'स्पॅनिश' म्हणतात ते काही तो स्पेनमध्ये जन्मला म्हणून नाही. पहिलं महायुद्ध चालू होतं, लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर बंधनं होती. स्पेन तटस्थ, तिथली वर्तमानपत्रं साथीच्या बातम्या मोकळेपणाने छापत होती. ज्यांनी छापलं, त्यांच्याच नावावर रोग चढला. शंभर वर्षं झाली, नाव अजून तेच.

वुहानचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला आपल्या डॉक्टर मित्रांना सावध केलं. चारच दिवसांनी पोलिसांनी बोलावून अफवा पसरवल्याबद्दल त्यांच्याकडून कागदावर सही घेतली. ७ फेब्रुवारीला ते त्याच आजाराने गेले. ११ जानेवारी २०२० ला चिनी शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्या चमूने विषाणूचा जनुकीय क्रम सगळ्या जगासाठी खुला केला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेला 'सुधारणे'साठी बंद करण्याचा हुकूम आला. आणि त्याच क्रमाच्या आधारावर ११ महिन्यांच्या आत, ८ डिसेंबर २०२० ला, ब्रिटनमध्ये चाचण्यांबाहेर लसीकरण सुरू झालं. एवढ्या वेगाने लस आली याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हे सगळं एका सरकारच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. पण नोव्हेंबर २०२१ आठवा. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी या विषाणूचा नवा प्रकार हेरला आणि २४ तारखेला जगाला कळवलं. दोन दिवसांत त्याला ओमिक्रॉन नाव मिळालं आणि तेवढ्यातच एकामागून एक देशांनी तिथली विमानं बंद केली. हे देश मोकळे, लोकशाहीवाले, विज्ञान मानणारे. पुढे नेदरलँड्समध्ये जुने नमुने तपासले, तर १९ नोव्हेंबरच्या नमुन्यातही तोच प्रकार निघाला. म्हणजे तो आधीच युरोपात होता, फक्त कुणी हेरला नव्हता. कळवणाऱ्याच्या पदरी रिकामी हॉटेलं आणि रद्द तिकिटं पडली.

नियम नाहीत असंही नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार असा धोका ओळखल्यावर २४ तासांत कळवणं देशांवर बंधनकारक आहे. पण कळवल्यावर शेजारी कसे वागणार, तिथे सगळं अडतं. आपण कायद्यात 'सांगा' म्हणतो आणि दारात 'कशाला सांगितलंस' म्हणतो.

भीती होती, हे मला मान्य आहे. माणसं पटापट जात होती, कुणालाच काही कळत नव्हतं. मात्र एक फरक मी करतो. मास्क लावणं, घरात थांबणं, गर्दी टाळणं ही भीतीतून आलेली काळजी होती. काकांना मी जे लिहिलं, त्यात काळजी नव्हती. दोष द्यायला एक माणूस सापडला, याचं मला बरं वाटलं होतं. तेव्हा हे कबूल केलं नसतं.

काका-काकू दोघेही बरे झाले. काका अजून भेटतात, हसतात, लिफ्ट धरून ठेवतात. त्या मेसेजबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. मध्यंतरी ग्रुपवर दुसरं काहीतरी शोधताना तो परत समोर आला. खाली अकरा अंगठे होते. कुणाकुणाचे म्हणून उघडून पाहिलं, तर त्यातला एक काकांचा.