आजीच्या गोष्टीतलं पुस्तकातलं किती?

प्रिय सोनू,

तू विचारलंस, नाताळची गोष्ट सांगताना आजी मधेच बाळंतपण, रात्रपाळी, फराळाची ताटं आणते, ते सगळं बायबलमध्ये आहे का? थोडं पुस्तकातलं आहे, थोडं आजीचं. कुठलं कुठलं ते कळलं की यंदा धाकट्याला गोष्ट तूच सांग.

बाळंतपण पुस्तकातलंच. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, पहिल्या अध्यायात, येशूची आई मरिया डोंगराळ मुलखात नात्यातल्या अलिशिबेकडे जाते. अलिशिबा उतारवयात गरोदर, सहावा महिना. मरिया तिथे सुमारे तीन महिने राहते. सहा आणि तीनची बेरीज तूच कर. ती कामाला हात लावायला गेली असं लूक लिहीत नाही. पण त्या घरात तीन महिने ती नुसती बसून राहिली नसणार, हा आजीचा अंदाज मला पटतो.

नाताळच्या नाटकात ‘जागा नाही’ म्हणून ओरडणारा धर्मशाळेचा मालक मात्र लूकमध्ये कुठेच नाही. उतारशाळेत जागा नव्हती, एवढंच तिथे आहे. बैल आणि गाढवही तिथे नाहीत. ते बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आले. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. म्हणून आपण घरी मांडतो त्या नाताळच्या गोठ्यातून त्यांना काढू नकोस, फक्त कुठून आले ते सांग.

मेंढपाळ रात्री कळप राखत होते हे लूकचं, ‘रात्रपाळी’ हे आजीचं. ही जोड मला सगळ्यात नेमकी वाटते: बातमी आधी जागं राहून काम करणाऱ्यांना मिळाली. म्हणून करंज्यांचं पहिलं ताट रात्रीच्या वॉचमनकाकांना. गोष्ट संपली की धाकट्याच्या हातात लगेच ताट दे. ‘म्हणून आपणही चांगलं वागावं’ असं शेपूट लावलंस तर तो उठून पळेल.

गोठ्यात मेंढपाळांचं रान म्हणून गहू पेर. १३ डिसेंबरला रात्री दोन मुठी गहू भिजत घाल. सकाळी खाली भोकं असलेल्या ट्रेमध्ये बोटभर माती घालून त्यावर दाटीने पसर. दोन दिवस ओल्या फडक्याखाली ठेव, मग उजेडात. पाणी हातानेच शिंपड. तळाशी साचलं की बुरशी धरते आणि आंबूस वास येतो. पाती मेंढ्यांपेक्षा उंच झाली तर कात्रीने छाट. पेंढा दिव्यांच्या माळेपासून दूर असू दे. गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी.

बाळाला भेटी घेऊन आलेले राजे गोठ्यात लगेच नको. त्यांची गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, किती होते तेही सांगत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तीन धरले. आणि ते ‘घरात’ आले असं तो लिहितो. त्यांना दुसऱ्या खोलीच्या खिडकीत ठेव, २५ पासून रोज थोडं पुढे सरकव, ६ जानेवारीला पोचव. गोव्यात रेईश मागूश गावी त्याच दिवशी, राजांच्या सणाला, तीन मुलगे राजे बनून निघतात.

पुढे मरियेचा नवरा योसेफ रातोरात बाळाला आणि आईला घेऊन मिसरला, म्हणजे इजिप्तला, जातो. इथे आजी माझं मस्कत आणते. ही जोड सोडून दे. ते जीव वाचवायला पळाले, मी पगारासाठी आलेय.

त्याऐवजी होल्यांची गोष्ट सांग. बाळाला मंदिरात नेलं तेव्हा अर्पणासाठी होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्लं, असं लूक लिहितो. बायबलच्या लेवीय पुस्तकात नियम आहे: कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी चालतील. घर गरीब होतं, हे लूक तेवढ्यावरूनच कळवतो. बाळाला मंदिरात नेल्याचा सण २ फेब्रुवारीला येतो. तोवर गोठा ठेवायचा असेल तर जानेवारीत गहू पुन्हा पेर, पहिली पाती तोपर्यंत पिवळी पडलेली असतील.

तुझी
आई