व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालं, पेशंट घरी आला, आता पुढं काय?

मागच्या अंकात हार्टच्या ऑपरेशनवर दोन ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा ढीगच लागला. सगळी छापणं काही शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. एक सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही, हार्ट सर्जरीच्या वॉर्डातून रिटायर झालेली सिस्टर आहे. तेव्हा तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय ते पहिलं, माझं नंतर.

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाईंचा मायट्रल व्हॉल्व्ह (हार्टच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप) बदललाय, ऑपरेशन संभाजीनगरला झालं, वय ५८. घरी आणून आठवडा झाला. आम्ही त्यांना बाजेवरून खाली उतरूच देत नाही, उठवायचं म्हणलं की दोघंजण बगलेत हात घालून उठवतो, तरी छातीत दुखायलंय म्हणतात. रात्री झोप नाही. वरून पाहुण्यांची लाईन लागलीय. त्यांना नीट आराम पडावा म्हणून अजून काय करावं? – एक सून, जिंतूर तालुका

ते बगलेत हात घालणं आजच्या आज बंद करा. व्हॉल्व्हपर्यंत पोचायला छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधून टाकतात. वरची जखम सुकली म्हणजे आतलं हाड जुळलं असं नसतंय, त्याला ६ ते ८ आठवडे लागतात आणि पूर्ण घट्ट व्हायला ३ महिने धरून चाला. तुम्ही दोघं दोन बाजूनं खांदे ओढता म्हणजे त्या हाडाचे दोन भाग दोन दिशेला ओढता, दुखणार नाही तर काय होणार.

उठायची पद्धत अशी. उताणं झोपलेलं असताना दोन्ही गुडघे वाकवायचे, छोटी उशी छातीशी कवटाळायची आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदमच कुशीवर वळवायचं, मधे पीळ पडू द्यायचा नाही. मग पाय पलंगाखाली सोडायचे, पायाच्या वजनानंच अर्धं अंग वर येतं, तेवढ्यात तुम्ही मागून पाठीला तळहात लावायचा. ओढायचं नाही, नुसता टेकू द्यायचा. बसल्यावर मिनिटभर थांबायचं, चक्कर येते का बघायचं आणि मग हातावर जोर न देता मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. दोन-चार दिवसात अंगवळणी पडतं, मग त्या तुम्हाला हाकही मारत नाहीत.

पण हे बाजेवर जमणार नाही. बाज मधे खोल जाते, त्यातून वर यायला हाताचा जोर लागतोच. गुडघ्याएवढा उंच पलंग किंवा दिवाण बघा, गादी कडक असू द्या. जेवायला खाली पाटावर बसवू नका, खुर्चीवर बसवा. संडासाला कमोडची खुर्ची मेडिकलवाल्याकडं मिळते, भाड्यानं पण देतात, ती आणाच, उकिडवं बसून उठणं म्हणजे पुन्हा तेच. आणि कुंथायचं नाही. पोट साफ होत नसेल तर डॉक्टरला फोन करून औषध लिहून घ्या, दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट धरतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

झोपेचं म्हणाल तर पाठीमागं दोन-तीन उशा लावून अर्धवट बसतं झोपू द्या, पहिले काही दिवस सपाट झोपवत नाही बऱ्याच जणांना. दुखण्याची गोळी दिली असेल तर ती झोपायच्या अर्धा तास आधी घ्या. काहीजण दुखणं सहन करतात आणि गोळी वाचवतात, कशासाठी ते देवच जाणे. दुखलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग छातीत कफ साठतो आणि ताप येतो. खोकला आला की ती उशी छातीशी घट्ट दाबायची आणि खोकायचं. हॉस्पिटलनं श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय ना, ते टीव्हीवर शोभेला ठेवू नका. आणि बघा त्या कशा वापरतात, कारण निम्मे लोक त्यात फुंकर मारतात. फुंकायचं नाही, नळीतून हवा आत ओढायची, बॉल वर गेले की दोन-तीन सेकंद धरायचे. जागं असताना तासातासाला आठ-दहा वेळा.

आता तुमचं मोठं चुकतंय ते हे, की तुम्ही त्यांना उतरू देत नाही. मायेपोटी करायलात हे कळतं, पण उतरवा. घरातल्या घरात ५ मिनिटं, दिवसातून चार वेळा, मग रोज थोडं वाढवायचं. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून बोलणं तुटलं की थांबायचं. एप्रिल-मे असेल तर ऊन चढायच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच. पाण्याचं मात्र विचारून घ्या. लघवी होण्याची गोळी चालू असली की कुणाला दिवसाला दीड लिटरच सांगितलेलं असतं, कुणाला आपल्याकडच्या ४२ डिग्रीत जास्त चालतं, हे शेजारणीच्या सल्ल्यानं ठरवू नका.

बंद काय? दोन-तीन किलोच्या वरचं काही उचलायचं नाही, म्हणजे कळशी नाही, हंडा नाही, नातू पण कडेवर नाही. हापसा नाही. आणि भाकरी थापणं पण नाही, पीठ मळताना तळहातानं जो रेटा देतो तो सरळ छातीच्या हाडावर येतो. सासूबाई म्हणतीलच की एवढ्यानं काय होतं, त्यांना परातीपासून लांबच ठेवा. रोज कोमट पाण्यानं आंघोळ चालते, जखमेवर साधा साबण हलक्या हातानं, मग टिपून कोरडी करायची. हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. ब्लाउज पुढून उघडणारा आणि सैल, पण स्तनांना आधार हवा, नाहीतर वजनानं जखम ओढली जाते. हे कुणी बायकांना सांगत नाही म्हणून लिहिलं.

पाहुण्यांना ओसरीत बसवा. चहा द्या, पेशंट देऊ नका. सर्दी-खोकला असलेल्या माणसाला तर दारातूनच राम राम. वाईटपणा तुम्ही सून म्हणून घेऊ नका, तो मुलानं घ्यावा.

प्रश्न : मला रक्त पातळ व्हायची गोळी कायमची सांगितलीय. एकजण म्हणतो पालेभाजी बंद कर, दुसरा म्हणतो काही होत नाही. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा टेस्टमधला आकडा) कधी १.६ येतो, कधी ४. गोळी सोडली तर चालेल का, आता तर मला काहीच त्रास नाही. – एक शिक्षक, उदगीर

सर, त्रास नाही कारण गोळी चालू आहे. मेटलच्या व्हॉल्व्हवर रक्ताची गाठ धरायला बघते, ती गाठ व्हॉल्व्हमधे अडकली तर व्हॉल्व्ह जाम होतो आणि सुटून मेंदूत गेली तर लकवा. म्हणून अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉर्फरिन जन्मभर. प्राण्याच्या टिश्यूचा व्हॉल्व्ह असेल तर बऱ्याचदा ३ ते ६ महिनेच देतात, तेव्हा तुमचा कोणता आहे ते कार्डावर बघा. आणि कुणी म्हणालं की नवीन गोळ्या निघाल्यात, त्यात टेस्टच करावी लागत नाही, तर मेटलच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत.

आयएनआर साधारण महाधमनीच्या व्हॉल्व्हला २ ते ३ आणि मायट्रलला २.५ ते ३.५ ठेवतात, पण तुमचा आकडा तुमच्या सर्जननं लिहिलेला असतो, तोच खरा. १.६ म्हणजे गाठीची भीती, ४ म्हणजे रक्तस्रावाची, आणि दोन्ही वेळा रिपोर्ट खिशात घालून घरी यायचं नसतं, त्याच दिवशी फोन करायचा.

भाजी बंद करू नका! मेथी, पालक, शेपू, चुका, अंबाडी, थंडीतली करडईची भाजी, सगळ्यात व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं, हे खरंय. पण डॉक्टर गोळीचा डोस तुमच्या जेवणावरच बसवतात. गडबड कधी होते, तर आठ महिने पालेभाजीचं पान नाही आणि हुरड्याच्या दिवसात रानात गेलं की रोज दोन टाईम भाजी. आठवड्यात जेवढी खाता तेवढीच बारा महिने खा, झालं.

गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळेला. आपल्याकडं डोस "आज एक, उद्या दीड" असा असतो, त्यात हमखास घोळ होतो, म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या त्या तारखेला डोस लिहा आणि घेतली की खूण करा. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर गेली ती गेली, दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

आणि अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन असलं काही मनानं घेऊ नका, पोटात रक्तस्राव होतो. गावातल्या डॉक्टरकडं गेलं की कंबरेत सुई ठरलेली असते आपल्याकडं, तर सुईच्या आधी गोळीचं सांगा. संधिवाताच्या तापानं व्हॉल्व्ह गेला असेल आणि दर २१ दिवसाला घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन लावलं असेल तर मात्र ते बंद करायचं नाही, फक्त सुईची जागा जास्त वेळ दाबून धरायची. काढे, आयुर्वेदिक चूर्णं, अँटिबायोटिक, दारू, सगळ्यानं आयएनआर हलतो.

प्रश्न : वडलांच्या छातीतून रात्री टिकटिक ऐकू येते. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, म्हणून स्वस्तातला व्हॉल्व्ह बसवला का? – मुलगा, किनवट

नाही हो. मेटलचा कुठलाही व्हॉल्व्ह बंद होताना आवाज करतो, माणूस बारीक असेल तर शेजारी झोपलेल्याला पण ऐकू येतो. आवाजाचा आणि किमतीचा संबंध नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बनवलेला आपला देशी चित्रा व्हॉल्व्ह १९९० साली पहिल्यांदा माणसात बसवला, तेव्हापासून हजारो लोक त्यावर जगायलेत, आणि तो परदेशी व्हॉल्व्हपेक्षा स्वस्तच आहे. टिकटिक चालू आहे तोवर निवांत झोपा. ती अचानक दबकी झाली किंवा ऐकू येईना आणि सोबत धाप लागली, तर मात्र सकाळची वाट न बघता निघायचं.

प्रश्न : आमचं गाव मोठ्या दवाखान्यापासून तीन तासावर. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही? आणि दुसरं, मालक घरी आल्यापासून चिडायलेत, मधेच रडतात, जेवण नको म्हणतात. कधीच असे नव्हते. – पाटोदा तालुका, बीड

दुसऱ्याचं आधी सांगते, कारण तुमचा जीव त्यातच अडकलाय. हे लई जणांना होतं. झोप मोडलेली, रक्त कमी झालेलं, तोंडाला चव नाही, आणि कर्ता माणूस अंथरुणावर बसून बायकोनं दिलेलं पाणी पितोय, चिडणारच. बहुतेकांचं काही आठवड्यात सुधरतं. ताटभर जेवण समोर ठेवू नका, थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या, मऊ भाकरी ताकात कुस्करून, वरण, अंडं चालत असेल तर अंडं. मीठ मात्र बेतानं, पापड-लोणचं-ठेचा लांब. हिशोबाची वही, बाजारभावाचे फोन असलं बसल्या जागेचं काम त्यांच्याकडं द्या. पण आठवडे गेले तरी तसंच असेल, किंवा जगून काय उपयोग असं बोलायला लागले, तर डॉक्टरला तोंड उघडून सांगा, त्यावर उपचार आहेत.

आता घाबरायचं कशाला. थकवा, खांदे-पाठ दुखणं, जखमेजवळ बधिरपणा किंवा खाज, हे चालायचंच. फोन करायचा तो ताप १००.४ च्या वर गेला, जखम लाल झाली, पाणी किंवा पू आला, हालचाल करताना छातीचं हाड कटकट वाजायलंय असं वाटलं, छातीत धडधड थांबेना, तर. वजनकाटा घ्या, रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, खायच्या आधी वजन करून लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, पाय सुजले, तर अंगात पाणी साठतंय, लगेच कळवा. आणि सरळ १०८ ला फोन कधी, तर तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एका बाजूचा हात-पाय गळाला, श्वास घेता येईना, काळी डांबरासारखी संडास झाली, किंवा गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, भले वरून काही दिसत नसलं तरी.

प्रश्न : मोटारसायकल कधी चालवू? ट्रॅक्टर? आणि कोजागिरीला तुळजापूरला पायी जायचा नेम आहे. – शेतकरी, औसा

मोटारसायकल आणि ट्रॅक्टर ३ महिने नाही, नंतर पण सर्जननं हाड तपासून हो म्हणल्यावरच. आपले रस्ते बघता ट्रॅक्टरला मी तर अजून उशीर लावीन. तपासणीला एसटीनं जायचं असेल तर मधल्या सीटवर बसा, मागच्या बाकावर नाही, आणि उशी सोबत. तुळजापूरचं, या वर्षी गाडीनं जा. पुढच्या वर्षी इको (हार्टची सोनोग्राफी) चांगला आला आणि डॉक्टर हो म्हणाले तर जा पायी, पण अनवाणी नको, पायाला खडा-काच लागली की रक्त लवकर थांबणार नाही. देवीला चालतंय चप्पल घातलेलं.

प्रश्न : दाढ किडलीय, काढायची आहे. व्हॉल्व्ह बसवून दीड वर्ष झालं. – वाचक, हिंगोली

काढा, पण दातवाल्याला खुर्चीत बसायच्या आधी सांगा. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात आणि कृत्रिम व्हॉल्व्हवर जाऊन बसले तर तिथं इन्फेक्शन होतं, ते भयंकर असतं. म्हणून अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक मोठा डोस देतात, मोठ्या माणसाला साधारण २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरं. रक्ताची गोळी मनानं बंद करून जाऊ नका, आधी आयएनआर करा आणि तुमच्या हार्टच्या डॉक्टरचं नि दातवाल्याचं फोनवर बोलणं करून द्या. व्हॉल्व्हचं कार्ड लॅमिनेट करून पाकिटात ठेवलंय ना? नसेल तर दाढेच्या आधी ते काम करा.