तोलेदो एका दिवसात: जोडीने जाणार असाल तर

माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून रेल्वेने स्पेनमधलं तोलेदो शहर जेमतेम अर्ध्या तासावर आहे. परतीचं तिकीट जातानाच काढा. तिकीट ठरावीक गाडीचंच असतं आणि शनिवार-रविवारी संध्याकाळच्या गाड्या भरतात.

स्टेशनवरून चालत अल्कांतारा पूल ओलांडता येतो, पण पुढे उभा चढ आहे. गुडघे कुरकुरत असतील तर बसने सोकोदोवेर चौकात उतरा. भर उन्हात चढलात तर अर्धा दम तिथेच संपेल. चपला रबरी तळाच्याच घाला. गल्ल्यांतले दगड झिजून गुळगुळीत झालेत, उतारावर पाय सटकतो.

कॅथेड्रलला निदान दीड तास द्या. मुख्य वेदीच्या मागे जाऊन पाठ वेदीकडे करा आणि वर बघा. १७३२ साली पूर्ण झालेल्या ‘त्रान्सपारेंते’ या वेदीमागच्या शिल्पासाठी वरचं कमानदार छत चक्क फोडलंय. तिथून आलेला उजेड संगमरवरी देवदूतांवर पडतो. ऊन असताना जा, ढगाळ हवेत यातलं निम्मं हरवतं.

सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचं एकच चित्र बघायचंय, काउंट ओर्गाथचं दफन. आधी लांबून बघा, मग जवळ जाऊन खालच्या डावीकडच्या मुलाच्या खिशातला रुमाल शोधा. त्यावर चित्रकाराची सही आहे. त्रान्सितो सिनेगॉग (ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ) सोमवारी बंद असतं, दिवस ठरवताना हे आधी बघा.

गल्ल्यांत फोनवरचा नकाशा दगा देतो. चुकलात तर कॅथेड्रलचा मनोरा शोधा. सूर्यास्ताला मात्र नदीपलीकडच्या मिरादोर देल व्हायेला पोहोचाच, तिथून तीन बाजूंनी ताहो नदीने वेढलेलं अख्खं शहर एका नजरेत मावतं.