क्लीन चॅनल फोडायचा कसा? व्हॉल्व्ह ॲम्पबद्दलची प्रश्नोत्तरे

दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया (जत्रा) सुरू झाल्या, वडशाच्या झाडीपट्टी नाटक मंडळींच्या तारखा भरल्या की माझा फोन वाजायला लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच गिटारवाल्यांनी अलीकडे नागपूर-मुंबईहून जुने व्हॉल्व्हचे ॲम्प आणले आहेत. व्हॉल्व्ह म्हणजेच ट्यूब, गिटारचा सिग्नल मोठा करणारी काचेची नळी. मी व्हॉल्व्हच्या रेडिओवर काम शिकलो, त्यामुळे तोंडात तोच शब्द बसला आहे. विचारणारे वेगळे, गावं वेगळी, प्रश्न मात्र फिरून तेच. एकेकाला फोनवर सांगताना अर्धं राहून जातं, आणि राहिलेलं अर्धंच कधी कधी जिवाचं असतं. म्हणून इथे लिहितो.

प्रश्न (पुसद): भाऊ, माझ्या ॲम्पला दोन चॅनल आहेत. ड्राइव्ह चॅनल लावला की माशा घोंगावल्यासारखा आवाज येतो. क्लीन चॅनलवरच थोडा जाड, नैसर्गिक ओव्हरड्राइव्ह मिळेल का?

मिळेल. क्लीन चॅनल स्वच्छ आवाजाचा, ड्राइव्ह चॅनल मुद्दाम फोडलेल्या आवाजाचा; हा फुटलेला आवाज म्हणजेच ओव्हरड्राइव्ह. आवाज फाटणं आणि आवाज फुटणं यातला फरक आधी कानात बसवा. मंडपातला भोंगा फाटतो तेव्हा लाटेचे शेंडे कोयत्याने छाटल्यासारखे सपाट होतात. व्हॉल्व्हला थोडं जास्त दामटलं तर तेच शेंडे आधी गोलावतात, मग दबतात. म्हणून हलक्या हाताने छेडलं तर स्वच्छ आणि जोरात मारलं तर खरखरीत, असे दोन्ही आवाज एकाच सेटिंगवर हातातून निघतात. ड्राइव्ह चॅनलमध्ये हे काम बहुतेक सुरुवातीचे छोटे प्रीॲम्प व्हॉल्व्हच उरकतात. मोठ्या पॉवर व्हॉल्व्हवर ताण येतच नाही. क्लीन चॅनल वाढवत नेला की सगळी साखळी कामाला लागते: प्रीॲम्प, फेज इन्व्हर्टर (पॉवर व्हॉल्व्हच्या जोडीला सिग्नल वाटून देणारा), पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, शेवटी स्पीकरचा कागदी कोनसुद्धा. तुम्ही ज्याला नैसर्गिक म्हणता, तो आवाज या सगळ्यांचा मिळून असतो.

पन्नाशीच्या दशकातल्या फेंडर बासमनला ड्राइव्ह चॅनल नव्हताच. तो बेस गिटारसाठी केलेला ॲम्प, पण गिटारवाल्यांनी त्याचा व्हॉल्यूम वाढवला आणि आवाज फुटायला लागला. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात त्याच सर्किटवरून जेटीएम४५ हा ॲम्प तयार झाला. रॉकचा म्हणून ओळखला जाणारा आवाज तिथून पुढे वाढला.

आता तुमच्या ॲम्पवर. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा, ॲम्पचा बेस निम्म्याच्या खाली आणा (बेस जास्त असेल तर फुटलेला आवाज चिखल होतो) आणि क्लीनचा व्हॉल्यूम हळूहळू चढवा. जोरात मारलेला कॉर्ड कडेने खरखरला की थांबा. मग गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणा, आवाज परत स्वच्छ होईल. दोन्ही आवाज आता तुमच्या करंगळीपाशी आले. एवढ्याने भागत नसेल तर गिटार आणि ॲम्पच्या मध्ये बूस्टर लावा. ओव्हरड्राइव्ह पेडल असेल तर त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल भरपूर. १० डेसिबलचा बूस्ट म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हला तिपटीहून थोडं जास्त व्होल्टेज. तो आपोआप फुटतो, पेडलला फुटावं लागत नाही. ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं पेडल खालचा बेस कापतं आणि मधला सूर पुढे आणतं, त्यामुळे कीबोर्ड आणि ढोलकीच्या गर्दीतही गिटार वेगळी ऐकू येते.

एवढं करूनही क्लीन फुटत नसेल किंवा फार लवकर फुटत असेल, तर व्हॉल्व्ह दमलेत की बायस (पॉवर व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणारं सेटिंग) हललाय ते तपासावं लागेल. ॲम्प जाणकाराला दाखवा.

प्रश्न (आर्वी): माझा ॲम्प ३० वॅटचा आहे. फुटेपर्यंत वाढवला की घरचेच काय, शेजारचेही उठतात. १५ वॅटचा घेतला तर आवाज निम्मा होईल ना?

नाही. वॅट निम्मे केले की फक्त ३ डेसिबल कमी होतात, कानाला थोडासा फरक जाणवतो. आवाज कानाला निम्मा वाटायला वॅट जवळजवळ दहापट कमी हवेत. घरासाठी एक-दोन वॅटचा ॲम्प किंवा चांगला अटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून ताकद खाणारी डबी) बघा. अटेन्युएटरचे ओम आणि वॅट ॲम्पशी जुळलेच पाहिजेत. स्वस्त अटेन्युएटर म्हणून घेतलेली एक डबी माझ्याकडे उघडायला आली होती. आत ५ वॅटचा एकच रेझिस्टर होता, तोही काळा पडलेला. घेण्याआधी ॲम्पच्या मागच्या पाटीचा फोटो काढून जाणकाराला विचारा.

प्रश्न (वरोरा): स्पीकर काढून ठेवला आणि नुसता लाइन आउटवरून वाजवलं तर चालतं का?

नाही, एक मिनिटही नाही. स्पीकरचा किंवा योग्य लोडचा भार नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये भलतं व्होल्टेज चढतं आणि तो जळतो. ॲम्पच्या आतच लोड दिलेला आहे असं त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं असेल, तरच.

प्रश्न (हिंगणघाट): ऑनलाइन एक जण ‘मिलिटरीचे जुने, जास्त गेनचे’ १२एएक्स७ व्हॉल्व्ह विकतो आहे. एका व्हॉल्व्हचे काही हजार. घेतले तर क्लीन चॅनल लवकर फुटेल का?

पैसे जपून ठेवा. गिटार ॲम्पच्या पहिल्या खोबणीत जे व्हॉल्व्ह बसतात, त्यांत १२एएक्स७ हाच सर्वांत जास्त गेनचा, त्याचा गुणक (सिग्नल किती पट वाढवू शकतो तो आकडा) १००. ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४५ च्या आसपास, १२एयू७ चा त्याहून खाली. म्हणजे व्हॉल्व्ह बदलून तुम्ही प्रामुख्याने खालीच जाऊ शकता. आवाज फार लवकर फुटत असेल तर ५७५१ लावून क्लीन मोकळा करता येतो, तुम्हाला हवंय ते उलटं आहे. एका कंपनीच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या १२एएक्स७ मध्ये थोडा फरक ऐकू येतो, पण सोन्याच्या पिना आणि ‘मिलिटरी’ या शब्दासाठी हजारो रुपये देण्याएवढा तो नाही. जुना व्हॉल्व्ह खरंच न वापरलेला आहे की रेडिओतून काढून पुसलेला, हे टेस्टरवर लावल्याशिवाय विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे ईएल३४ किंवा ६एल६, बदलायचे असतील तर बायस तपासल्याशिवाय ॲम्प चालवू नका. ते काम दुकानात होतं, मंडपात नाही.

प्रश्न (दारव्हा): आमच्या गावात संध्याकाळी १८० व्होल्टच येते. पोट्टे म्हणतात, लो व्होल्टेजवर ट्यूब ॲम्प लय भारी वाजते, व्हॅन हेलनबी असंच करे. खरं हाय काय?

अर्धं खरं आहे, आणि त्यातच धोका आहे. अमेरिकेचा रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून आपल्या मार्शलला १२० व्होल्टच्या जागी ९० च्या आसपास देत असे. सुरुवातीला त्याने व्होल्टेज वाढवतो असं सांगितलं होतं, आणि ते ऐकून करणाऱ्यांच्या ॲम्पचं जे व्हायचं ते झालं. ऐकीव गोष्टीवर ॲम्प चालवू नये, ते यासाठीच. तो व्हेरिॲक स्वतःच्या हाताने फिरवत होता. तुमच्या गावातला कोण फिरवतो? कृषिपंप फिरवतात.

हिशोब करून बघा. व्हॉल्व्हच्या हीटरला (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्ट लागतात, दहा टक्के इकडे-तिकडे चालतं. २३० च्या जागी १८० आले की हीटरला ४.९ च मिळतात. कॅथोड (हीटरने तापून इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) पुरेसा तापत नाही, तशातच करंट ओढत राहिलं की त्याचा लेप लवकर निकामी होतो. रात्री पंप बंद झाले आणि लाइन २७० वर गेली की हीटरला ७.४. व्हॉल्व्हच्या प्लेटला ४२० व्होल्ट मिळत असतील तर ते ४९० च्या पुढे जातात, आणि आतले फिल्टर कपॅसिटर (सप्लाय गुळगुळीत करणारे) बहुतेक ४५० किंवा ५०० व्होल्टच सोसणारे असतात. नाटक ऐन रंगात येतं तेव्हाच हे घडतं. चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, त्याची क्षमता ॲम्पच्या पाटीवरच्या वॅटपेक्षा बरीच जास्त असू द्या, आणि कोणता घ्यायचा ते तालुक्याच्या वायरमनला लाइन मोजायला लावून ठरवा.

प्रश्न (सिंदेवाही): नाटकाच्या मंडपात माझ्या ॲम्पला घुंई असा आवाज येत होता. साउंडवाल्याने प्लगची वरची जाडी पिन काढून टाकली, घुंई गेली. आता क्लीन चॅनल वाढवला की थोडी परत येते. काय करू?

आधी ती पिन परत लावा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा.

ती जाडी पिन म्हणजे अर्थिंग. तुमच्या गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या आहेत, आणि पत्रा त्या पिनेतून जमिनीला. जुन्या ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधीतरी फुटतं आणि फेज पत्र्यावर येते. पिन असेल तर करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो, तुम्ही फ्यूजवर चिडता आणि घरी जाता. पिन नसेल तर फ्यूज उडत नाही. २३० व्होल्ट तुमच्या तारांवर येऊन वाट बघत बसतात. गाणं म्हणायला तुम्ही माइकला ओठ लावता, माइक मिक्सरमधून अर्थ झालेला असतो, आणि करंट हातातून छातीतून ओठाकडे जातो.

३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर असाच गेला. तिथे फक्त बाजू उलटी होती: माइकचं अर्थिंग नव्हतं, हातात गिटार होती. १९७६ मध्ये ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी गिटार वाजवताना करंट लागून वारला, तिथेही कारण अर्थिंगचंच. आपल्याकडेही एक पोरगा सकाळी माझ्या दुकानात आला होता, ओठ भाजलेला. रात्री धानाच्या बांधीत मंडप होता, पायात चप्पल नव्हती, दवाने जमीन ओली. त्याच्या ॲम्पचा प्लग मी पाहिला तर पिन पक्कडीने कापलेली. तो वाचला. त्या दिवसापासून कापलेल्या पिनेचा ॲम्प मी दुरुस्त करून परत देतो तो नवीन प्लग लावूनच, गिऱ्हाइकाने नको म्हटलं तरी.

आता घुंईचं. आधी ती कुठून येते ते शोधा. गिटारची केबल काढल्यावरही तशीच राहिली तर दोष ॲम्पमध्ये, बहुधा दमलेले फिल्टर कपॅसिटर. केबल लावल्यावरच येत असेल आणि उभं राहण्याची दिशा बदलली की कमी-जास्त होत असेल तर गिटारचा पिकअप जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं किंवा डिमरचं चुंबकीय क्षेत्र पकडतो आहे, तिथून चार पावलं सरका. मिक्सरला जोडल्यावरच येत असेल तर अर्थ लूप आहे, म्हणजे ॲम्प आणि मिक्सर दोन वाटांनी अर्थ झाले आहेत. त्यासाठी ॲम्प, पेडलचा ॲडॉप्टर आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, आणि मिक्सरकडे जाणाऱ्या लाइनवर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (मिक्सरला सिग्नल देणारी डबी) लावून त्याचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलचा अर्थ तोडणारं बटण) वापरा. अर्थ सोडायचा तो सिग्नलचा, लाइटचा कधीच नाही.

मंडपाचं अर्थिंगही तपासून घ्या. बोर्डाला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, कित्येक ठिकाणी तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते, खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर त्याचा न्यूट्रल अर्थ केलाय का ते विचारा, नाहीतर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावूनही तो वेळेवर पडेल याचा भरवसा नाही. माइकला ओठ लावण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन्ही टोकं मीटरच्या प्लास्टिकच्या दांड्यानेच धरा. आकडा शून्याच्या आसपास नसेल तर गिटार खाली ठेवा आणि परवानाधारक वायरमन येईपर्यंत वाजवू नका. नाटक अर्धा तास उशिरा सुरू होईल. प्रेक्षक बसतात, त्यांना रात्रभर बसायचंच असतं.

प्रश्न (काटोल): व्हिडिओत दाखवलं तसं फीडबॅकची एक वायर कापली की क्लीन चॅनल लवकर फुटतो म्हणे. घरी करू का?

होतं तसं. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटमधला थोडा सिग्नल उलटा करून मागे देणारी जोडणी) काढला की पॉवर व्हॉल्व्ह जास्त मोकळे आणि खरखरीत वाजतात. पहिल्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसेल तर तो लावूनही गेन वाढतो. पण घरी करू नका. ॲम्प बंद करून प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट राहू शकतात. व्हिडिओ करणाऱ्याने ते उतरवलेले असतात, दाखवलेलं नसतं. बदल हवा असेल तर मागे घेता येईल असा स्विच लावून जाणकाराकडून करून घ्या.

प्रश्न (देवळी): पुतण्याने अमेरिकेहून ॲम्प आणलाय, मागे १२० व्होल्ट लिहिलंय. इथे लावू?

थेट लावू नका. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्यातून अर्थची वायर पुढे जाते का ते वायरमनकडून तपासून घ्या.

प्रश्न (नागभीड): वाजवताना एका मोठ्या व्हॉल्व्हची आतली प्लेट लाल दिसते. आवाज मात्र छान, जास्तच फुटतो. सीझन संपल्यावर होळीनंतर आणू का?

होळीनंतर नाही. हे वाचल्यावर ॲम्प लावू नका. हीटरचा नारिंगी उजेड सगळ्याच व्हॉल्व्हमध्ये दिसतो, त्याची काळजी नसते. बाहेरची राखाडी प्लेट लाल होत असेल तर बायस गेलेला आहे किंवा कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्याचा सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हला देणारा) गळतो आहे, आणि व्हॉल्व्ह जळत चालला आहे. तो आतल्या आत शॉर्ट झाला की सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मर नेतो. आज बायसचं काम, फार तर व्हॉल्व्हची जोडी, एवढ्यावर भागेल. ट्रान्सफॉर्मर गेला तर कित्येक जुन्या ॲम्पना तसा दुसरा मिळतच नाही, गुंडाळून घ्यावा लागतो. या आठवड्याच्या तारखांना दुसऱ्याचा ॲम्प मागून घ्या आणि तुमचा जवळच्या जाणकाराकडे पोचवा. नेताना व्हॉल्व्ह काढून कापडात गुंडाळा, कोणता कोणत्या खोबणीतला ते चिठ्ठी लावून लिहा, आणि स्पीकरची केबलही सोबत द्या.