माइनक्राफ्ट सर्व्हरवर पोरं डायमंड ड्यूप (बग वापरून एकाच मालाच्या नकला) करतायत, सगळा वर्ल्ड वाइप करावा लागेल का?

नाही, वाइप नका करू, आधी बगचं भोक बुजवा आणि मग लॉग बघून तेवढाच माल काढा, कारण भोक तसंच ठेवून वाइप केलात तर नव्या वर्ल्डमध्येही तेच सुरू होणार. बरेचसे ड्यूप होतात कसे, तर प्लेअरची इन्व्हेंटरी वेगळी सेव्ह होते आणि पेटीतला माल चंकबरोबर (वर्ल्डच्या त्या तुकड्याबरोबर) वेगळा, या दोघांच्या मधेच सर्व्हर मुद्दाम क्रॅश केला की तोच माल दोन्हीकडे उरतो. म्हणून क्रॅशची वेळ आणि तेव्हा ऑनलाइन कोण होतं हे जुळवून बघा, चोर बहुतेक तिथेच सापडतो. मी छोटा सर्व्हर चालवतो, माझा क्रम असा:

- व्हॅनिला (मूळ सर्व्हर सॉफ्टवेअर) सोडून पेपर (त्याचं सुधारित रूप) टाका, पिस्टनने होणारे टीएनटी नि कार्पेटचे ड्यूप त्यात मुळातच बंद असतात (रेडस्टोनची यंत्रं बनवणारी मंडळी कुरकुरतील, कुरकुरू द्या)
- कोअरप्रोटेक्ट (कोणी काय ठेवलं-काढलं याची नोंद ठेवणारा प्लगइन) टाकून संशयित पेट्यांचा लुकअप करा, मग त्याच प्लेअरचा, तेवढ्याच तासांचा रोलबॅक (केलेले बदल उलटवणं)
- व्हर्जन जुनं असेल तर आजच अपडेट. २०२१ च्या डिसेंबरमधल्या लॉगफोरजेच्या (सर्व्हरचे लॉग लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) भोकात नुसत्या चॅट मेसेजवरून सर्व्हरवर कोड चालवता येत होता, मोजांगने (माइनक्राफ्टच्या कंपनीने) ते १.१८.१ मध्ये बुजवलं

फक्त एक, कोअरप्रोटेक्ट टाकल्यापासूनचंच लिहून ठेवतं, आधीचं काही सांगत नाही, त्यामुळे जुन्या ड्यूपसाठी बॅकअपच लागेल. आणि ज्याने स्वतःहून बग सांगितला त्याला बॅन करू नका, पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही.