मागे पडलास तरी चालेल

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. नदीकाठाने आणि रानातून दिवसभर चालणाऱ्या गटात तू नाव दिलंस, हे वाचून फार आनंद झाला. "सगळ्यांच्या मागे पडलो तर?" असं विचारलं आहेस. पड की! फक्त गप्प राहू नकोस.

टाचेपाशी चुरचुरू लागलं, गरम वाटलं की तिथेच "थांबा" म्हण. घर्षण आणि घामाची ओल एकत्र आली की कातडीचे थर सुटतात, मध्ये पाणी भरतं आणि फोड येतो. त्याआधीच मोजा काढून पाय कोरडा केला, चिकटपट्टी लावली, तर पाच मिनिटांत भागतं. नवखी माणसं खोळंबा नको म्हणून कळ सोसत राहतात आणि पुढे सगळ्या गटालाच त्यांच्यासाठी रखडावं लागतं. जास्तीचे कोरडे मोजे घे. कोरे करकरीत बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस.

वेगाचा अंदाज हवा असेल तर विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा हिशेब अजून वापरात आहे: पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. त्यात विसावे धरलेले नाहीत, आणि नवख्यांचा गट याहून सावकाशच चालतो. चांगला म्होरक्या सर्वांत हळू चालणाऱ्याकडे बघून चाल ठरवतो. सर्वांत शेवटी एक जाणता माणूस असतो. त्याच्या मागे राहायचं नाही. झुडपाआड जायचं झालं तर त्याला सांगून जा. फाटा आला की मागचा माणूस दिसेपर्यंत थांब.

आता नदी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह जोरात असतो, तो काठ खालून पोखरतो. वर हिरवंगार गवत आणि खाली पोकळी! फोटोसाठी त्या कडेला कधीही उभा राहू नकोस. वळणाच्या आतल्या बाजूला वाळू-गोटे साचतात, उतार सौम्य असतो. डबा खायला ती जागा मला फार आवडते. पण वर कुठे पाऊस झाला असेल तर इथे लख्ख ऊन असतानाही पाणी चढतं. पाणी गढूळ दिसलं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, तर उठ आणि सगळ्यांना ओरडून सांग. खात्री होईपर्यंत वाट पाहू नकोस.

रानात चिखल लागला तर सरळ त्यातून चाल. प्रत्येकाने कडेने वाट काढली की पायवाट रुंदावत जाते आणि कोवळी रोपं तुडवली जातात. बूट काय, धुता येतात. झाडीत अंधार लवकर पडतो, तेव्हा बॅटरी हवीच. शिट्टीही ठेव: मिनिटाला सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबायचं, ही मदतीची हाक गिर्यारोहक ओळखतात.

कुठली वाट आणि परतायची वेळ कोणती, हे निघण्याआधी घरी लिहून ठेव. पोचलास की मला फोन कर.

तुझा,
काका