धरणं उतरू लागली की गळ कुठं टाकायचा?

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा लागला की पत्रांचा सूर दरवर्षी एकच असतो: मासा गेला कुठं? पुणे, सातारा, रायगड या पट्ट्यातून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

डिसेंबरात पवनेवर दर खेपेला काही ना काही लागत होतं. जानेवारी कोरडा गेला. आता पहाटे पाचला जाऊन बसतो, तरी दोरी हलत नाही. आमिष बदलू का? (पिंपरी)

आमिष राहू द्या, गजर बदला. माशाला स्वतःची ऊब नसते. पाणी जितकं गार, तितका तो सुस्त. पाणी दहा अंशांनी गार झालं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर येतो, कधी त्याहूनही खाली. काल खाल्लेलंच पचलेलं नसतं, तिथं तुमची कणकेची गोळी कोण विचारतो! पहाट उत्तम हा उन्हाळ्याचा नियम आहे. थंडी सरताना रात्रभर निवलेलं उथळ पाणी पहाटेच सगळ्यात गार असतं. दहाच्या सुमाराला जा आणि चारपर्यंत बसा. दुपारी वारा सुटला की वरचं कोमट पाणी तो समोरच्या काठाकडे ढकलतो, म्हणून वारा तोंडावर येईल असा काठ निवडा. गळ फेकायला त्रास होतो, पण मासा तिकडंच येतो. पिशवीत साधा थर्मामीटर ठेवा आणि दोन काठांचं पाणी मोजून बघा. एखाद्या अंशाचा फरकही पुरतो. आळशी माणसाला साजेसा असा हंगाम वर्षातून एकदाच येतो.

भाटघरच्या काठावर माझी ठरलेली जागा होती. कालव्याला आवर्तन सुटलं आणि महिन्याभरात तिथं चिखल उघडा पडला. पाण्याबरोबर पुढं सरकत गेलो, पण उपयोग नाही. (भोर)

या ऋतूचा खरा प्रश्न हाच आहे. थंडीला आपण फार दोष देतो. आपल्या धरणांत माशाला हलवते ती उतरती पातळी. रब्बीचं आवर्तन सुटलं की काठ मागं हटतो आणि काठालगतचं गवत, किडे, शेवाळ, म्हणजे माशाचं अख्खं ताट, कोरड्यावर पडतं. पाणी झपाट्यानं उतरत असेल तर मोठा मासा काठाला थांबत नाही. तो बुडालेल्या मूळ नदीच्या पात्राकडे सरकतो, कारण तिथं खोली आणि उथळ भाग एकमेकांना लागून असतात. म्हणून पाण्याच्या कडेनं सरळ पुढं जाऊन भागत नाही. जुन्या ओढ्याची घळ, बुडालेला बांध, जुन्या रस्त्याचा भराव, खडकाची पायरी अशा ठिकाणी उतार एकदम तुटतो. त्या कडेच्या थोडं अलीकडे आमिष टेकवा.

आवर्तन थांबून पातळी आठ-दहा दिवस स्थिर राहिली, तर मासा पुन्हा काठाकडे वळतो. पाटबंधाऱ्याचं वेळापत्रक स्थानिक शेतकऱ्याला पाठ असतं. गळाच्या दुकानात तासभर घालवण्यापेक्षा त्याच्याशी पाच मिनिटं बोला.

आणि हा उघडा पडलेला चिखल वाया घालवू नका. आत्ता फोटो काढून ठेवा: कुठं दगडाची ताल आहे, कुठं विहिरीचा काठ, कुठं बाभळीचं खोड. पावसाळ्यानंतर हे सगळं पुन्हा पाण्याखाली जाईल आणि नकाशा फक्त तुमच्याकडे असेल. उजनीचं पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, लोक ते बघायला गर्दी करतात. गळवाल्यानं त्याच दिवशी मंदिराकडे पाठ करून आजूबाजूची जमीन बघावी. एक सूचना मात्र गंभीरपणे: ओल्या गाळात एकट्यानं उतरू नका. वरून वाळलेला दिसतो, आत माणूस मांडीपर्यंत जातो.

भिगवणकडे गेलं की चिलापीच लागतो. बाकीचे मासे संपले का? (बारामती)

चिलापी लवकर वाढतो, वर्षातून अनेकदा विणतो आणि काहीही खातो, त्यामुळे छोट्या गळाला तोच आधी येणार. गळ मोठा करा, आमिष तळाशी ठेवा. याच दिवसांत सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, विणीसाठी उथळ, गवताळ पाण्यात येतो, कारण त्याची चिकट अंडी पाणवनस्पतींना चिकटतात. कटला-रोहूसारखी त्याला पावसाची वाट बघावी लागत नाही. पोटात अंडी असलेली मादी लागली तर सोडून द्या म्हणेन, पण तो मूळचा इथला नाही, त्यामुळे या बाबतीत माझा आग्रह नाही.

भिगवणच्या बाजूला उजनीत हिरवं पाणी दाट असेल तर पहाट आणखी वाईट. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्रभर तोच वापरतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या वेळी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. मरळ वर येऊन हवा घेऊ शकतो, बाकीच्या बहुतेकांना ती सोय नाही.

खडशी ल्यूरला, म्हणजे खोट्या आमिषाला, कुठं लागेल? आणि लागली तर? (लोणावळा)

खडशी म्हणजे आपला दख्खनचा महसीर. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्यात तो शोधून बघा! लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवर अनेक दशकं त्याची पिल्लं तयार करतंय, ती उगाच नाही.

पाणी नितळ असताना जाड दोरी आणि चकचकीत पातं बघून तो दुरूनच वळतो. बारीक दोरी, छोटा फिका स्पिनर (पाण्यात पातं फिरणारं खोटं आमिष), आणि वाहतं पाणी धरणाला मिळतं ते तोंड. लागला तर पाण्यातच ठेवून सोडा. गळाचा उलटा काटा घरूनच पक्कडीनं चेपून न्या, हात ओले करा, कल्ल्यांत बोट घालू नका. फोटो एकच.

जागेबद्दल: बहुतेक धरणांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, तिथं विचारून, परवानगी घेऊनच बसा. कोयना अभयारण्याच्या हद्दीत गळ घेऊन जाऊच नका. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर आहेत. त्यांना चुरमुरे घाला, बघा आणि परत या.

अमावास्येला मासा जास्त लागतो हे खरं का? (वाई)

मी वीस वर्षं वहीत नोंदी ठेवतो. अमावास्येला जास्त लागले, कारण अमावास्येला मी जास्त वेळा गेलो.

कोलाडला कुंडलिकेत खडकावर उभं राहून गळ टाकतो. सकाळी अचानक पाणी वाढतं. वर पाऊस तर नसतो, मग? (रोहा)

पावसाचा संबंध नाही. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहात वीज तयार करतं आणि मग कुंडलिकेत येतं. तिथलं राफ्टिंगही याच पाण्यावर चालतं. यंत्रं सुरू झाली की पाणी चढतं आणि मधल्या खडकावरून काठाला यायची वाट बंद होते. त्यामुळे पाण्याच्या मधल्या खडकावर उभं राहणं आजपासून बंद. काठाला एक काडी रोवा, पाण्याच्या रेषेवर खूण करा आणि दर दहा मिनिटांनी बघा. खूण बुडायला लागली की रॉड आवरा. दोरी अडकलेली असेल तर कापून टाका, सोडवत बसू नका. पाणी चढत असताना मासा क्वचितच घेतो. ते ओसरायला लागलं की मात्र काठाच्या भोवऱ्यात गळ टाका. वाहून आलेलं खाणं तिथंच गोळा झालेलं असतं.